पाकिटामागची ओळ

“चोराने पत्र ठेवलं आणि पाकीट नेलं,” रीता रहांगडाले म्हणाली.

वच्छला तुरकर यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बावीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत कागद, शाई आणि अक्षरं तपासून त्या गोंदियाला परतल्या होत्या. रेलटोलीतल्या या दोन खोल्यांत आता त्या खाजगी तपासाची कामं घेत. चष्मा काढला म्हणजे काम घेतलं, हे नंदलालला ठाऊक होतं. नंदलाल कोर्टातला निवृत्त बाबू होता. तो त्यांची गाडी चालवी, कागद लावी आणि बहुतेक गोष्टी त्यांच्यानंतर अर्ध्या दिवसाने समजून घेई.

“सुरुवातीपासून सांगा,” वच्छलाबाई म्हणाल्या.

रीता कॉलेजात इंग्रजी शिकवत होती. एडना थॉर्नबी या अमेरिकन कवयित्रीवर तिचा प्रबंध चालला होता. एडना १९७१ साली चोरखमाऱ्याजवळच्या आंबेटोल्यात आली आणि धानाचे तीन हंगाम तिथेच राहिली. तलाव बांधणाऱ्या पुनाराम कापगत्यांच्या घरी तिची खाट होती. गावातल्या तलावावर तिने निबंध लिहिले. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कशी दाबतात, पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, आधी जातं, गाळ कोण काढतं, सगळं. तिकडे त्या निबंधांनी तिचं नाव झालं.

“आणि कविता?”

“कविता एकाच व्यक्तीवर. पुनारामची मुलगी, धुरपता. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. एडनाला इथली बोली तिनेच शिकवली. एडना परत गेल्यावर १९७४ मध्ये तिने धुरपताला एक रजिस्टर पत्र पाठवलं. ते न पोहोचता परत आलं. पाकिटावर टपालखात्याचा शेरा होता, ‘ही धुरपता मेली.’ मग तिने चाळीस शोककविता लिहिल्या. सगळी कीर्ती त्या चाळीस कवितांवर उभी आहे. त्यानंतर जिवंत माणसांवर लिहिणं तिने सोडलं. पंधरा वर्षांपूर्वी वारली.”

“बरं.”

“मॅडम, मी धुरपताची समाधी शोधायला आंबेटोल्याला गेले, तर धुरपताबाईंनीच मला पाणी आणून दिलं.”

नंदलालच्या हातातला चहा बशीत सांडला.

“त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत,” रीता म्हणाली. “रोज पाळीवर जातात. एडनाचे कागद ज्या अमेरिकेतल्या विद्यापीठात आहेत, त्यांना मी कळवलं. ते ओशाळले. त्यांनी ते मूळ पत्र पाकिटासह इकडे पाठवलं. रविवारी कार्यक्रमात ते धुरपताबाईंच्या हातात द्यायचं होतं. सोमवारी पार्सल आलं. हिमांशू म्हणजे त्यांच्या भावाचा नातू. त्याच्या घरी आम्ही दोघांनी ते उघडलं. पत्राचा फोटो घेतला, पाकिटाच्या फक्त पुढच्या बाजूचा घेतला. ट्रंकेत ठेवलं. गुरुवारी सकाळी पाहिलं तर पत्र होतं, पाकीट नव्हतं. पार्सलच्या पावतीवर सही माझी आहे. विद्यापीठ मलाच विचारणार.”

“पाकिटाच्या मागे काय होतं?”

“एक ओळ. देवनागरी, पेन्सिलीने. फार फिकी. दिवसाच्या उजेडात वाचू म्हटलं आणि राहूनच गेलं.”

“पेन्सिलीचं कोणाला सांगितलंत?”

“नाही. आत्ता तुम्हालाच.”

“आणि तुम्ही आणलेलं हे एडनाचं पुस्तक, ज्यात शेऱ्याचं भाषांतर आहे, ते गावात कोणी वाचलं?”

“इंग्रजी पुस्तक वाचेल असा तिथे एकच माणूस आहे. श्यामलाल पटले, जुने पोस्टमास्तर. दिवाळीत मागून नेलं, संक्रांतीला परत दिलं. कसं वाटलं विचारलं, तर बोलले नाहीत.”

वच्छलाबाईंनी विद्यापीठाला चार ओळींची मेल लिहिली, पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो असेल तर पाठवा म्हणून. मग चष्मा घातला.

“नंदलालजी, गाडी काढा.”

*

आंबेटोल्याचा तलाव निम्मा गाळाने भरला होता. उरलेल्या पाण्यावर बेशरमीची झुडपं चढली होती. पाळीवर सिमेंटचा नवा चौथरा होता आणि त्यावर पोत्यात गुंडाळलेली पाटी. नंदलालने पोतं जरा उचलून पाहिलं. ‘धुरपताच्या स्मृतीस’, मराठीत आणि इंग्रजीत.

“आधीच कोरून आली होती,” हिमांशू ओशाळून म्हणाला. “आता वापस कोण नेते? मी म्हटलो, पोस्टर चिपकवून देऊ.”

तो तिशीचा, खताच्या दुकानात कामाला होता. ट्रंक बाहेरच्या खोलीत, किल्ली खिळ्याला.

“किल्ली खिळ्याला, मग कुलूप कशाला?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“उंदरासाठी, मॅडम.”

“पाकीट पाहिलं होतंत?”

“वरचं अमेरिकेचं तिकीट पाहिलो. बस. मागून पाहिलो नाही. मले वाचाचा कंटाळा हाये.”

“घरात कोण येतं?”

“सारेच येतेत. पोस्टमास्तर तं रोज येतेत, पेपर वाचाले. आजी चहा देते.”

पत्राचा कागद वच्छलाबाईंनी चिमट्याने उचलला. एक पान, इंग्रजी, टाईप केलेलं. रीताने अर्थ सांगितला. धुरपता, धानाच्या रोवणीच्या आधी मी परत येऊ शकते. तू ये म्हणालीस तर येईन. न बोलावता येणार नाही, माझ्यामुळे तुझ्या घरात आधीच पुष्कळ झालं आहे.

“घरात काय झालं होतं?”

“एडनाने पुनारामवर लिहिलं होतं, विधवा लेकीला शेतावरच्या मजुरासारखी राबवतो म्हणून. ते कोणीतरी त्याला वाचून दाखवलं. त्याने मेमचं नाव घ्यायला घरात बंदी केली.”

वच्छलाबाई पानाची वरची कड भिंगाखाली पाहत होत्या. तिथे नखाएवढा पांढुरका पापुद्रा चिकटलेला होता, त्याला पाकिटाच्या कागदाचे धागे. त्यांनी सुईने कण काढून बशीत घेतला आणि औषधाच्या डब्यातल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब वर टाकला.

कण काळानिळा झाला.

“भाताचं शीत,” त्या म्हणाल्या. “पाकिटांना लावतात तो डिंक असता तर तांबूस-तपकिरी झाला असता.”

“आमच्या इथं सारेच शितानं चिकटवतेत,” नंदलाल म्हणाला. “त्यात काय?”

“तिकडे नाही चिकटवत, नंदलालजी.”

पाणी प्यायला नंदलाल आत गेला. स्वयंपाकघरात बियाण्यांचे डबे ओळीने लावलेले. प्रत्येकावर कागदाची पट्टी आणि पेन्सिलीने धानाची जात, लुचई, हिरानक्की, चिन्नोर. अक्षरांना वरची रेघ नव्हती. पावसात उघडी पडलेली माणसं असावीत तशी ती उभी होती. डब्याला दोरीने पेन्सिलीचा तुकडा बांधलेला. त्याने वच्छलाबाईंना बोलावून दाखवलं, केवळ गंमत म्हणून.

“कोण लिहितं हे?”

“आजी. चौथी शिकली हाये,” हिमांशू म्हणाला.

*

श्यामलाल पटले ओसरीत खाटेवर बसले होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं.

“या. गोंदियाहून आले म्हणता. चाय घ्या.”

“नको. एका पाकिटाविषयी विचारायचं आहे,” वच्छलाबाई म्हणाल्या. “१९७४ साली धुरपताबाईंचं रजिस्टर पत्र परत गेलं. तुम्ही पोस्टमास्तर होतात.”

“याद नाही. किती पत्रं येत, किती जात. वापस गेलं असन तं गोंदियातूनच गेलं असन. माझ्या हाती ते पाकीट आलंच नाही.”

“परत जाणाऱ्या पत्रावर शेरा कसा लिहायचा नियम होता?”

“शाईनं. खाली सही, तारीख, ठप्पा.”

“इथून अमेरिकेला पत्र टाकता येत होतं?”

“माझ्या टपालघरात फॉरेनचं तिकीट कधी आलंच नाही. तिरोड्याले जा लागे. बाईमानसाले कोन जाऊ देते तिरोड्याले?” ते जरा थांबले. मग चिडून म्हणाले, “पेन्सिलीच्या एका ओळीसाठी एवढी गाडी घेऊन आले तुमी. पाकीट गेलं तं गेलं. पत्र तं हाये ना? ते द्या तिले, हार घाला, फोटो काढा. झालं.”

“झालं,” वच्छलाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

गाडीत बसताना नंदलाल म्हणाला, “म्हातारा तापट हाये, पण खरा वाटते.”

“रागात एक गोष्ट खरी बोलून गेले,” त्या म्हणाल्या.

*

धुरपताबाई पाळीवर होत्या. उन्हाळी धानाला पाणी सोडायची पाळी कोणाची, हे आजही त्याच सांगत. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात काठी.

“पोलिसातली का तू?”

“नाही. पाकीट शोधते आहे.”

“मले पाकिटाचं काय करा लागते.” काठीने त्यांनी पाटातला कचरा ढकलला. “एदनाबाईचं पत्र आलं होतं, ते मले मालूम हाये. मास्तरनं वाचून सांगतलं होतं.”

रीताने चमकून वर पाहिलं. “आजी, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.”

“तू इचारलीच कुठं? तू इचारत होती, ती काय खात होती, कशी झोपत होती. मी जबाब धाडली तिले. रोवणी झाली, धान कापलं, दुसरी रोवणी झाली. आली नाही.”

“जबाब कसा पाठवलात?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“टपालानं. आनखी कसा?” त्या हसल्या. दात चार-पाचच होते. “बाबा जिता होता. लपून धाडली. मास्तर म्हटला, ही गोठ कोनाले सांगू नको, तं मी सांगतली नाही.”

मग काठी थांबली.

“तू शिकलेली दिसतेस. एक काम कर. ती आली काऊन नाही, एवढं शोध. बाकी हार-फुलं पोट्टं करंल. बावन्न वर्सं झाली. माझ्या मनात येते, मी काही वाकडं बोलली का? का तिले गावाची घिन आली? एवढं मालूम झालं तं बस.”

“कळलं तर सांगेन,” वच्छलाबाई म्हणाल्या.

नंदलालला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

*

शनिवारी सकाळी अमेरिकेहून फोटो आला. वच्छलाबाईंनी तो मोठा करून नंदलालसमोर धरला.

पाकिटाची मागची बाजू. पेन्सिलीची एक ओळ, अक्षरांना वरची रेघ नाही. खाली सही नाही, तारीख नाही, ठप्पा नाही. सोबत जुन्या टाईप केलेल्या चिठ्ठीचाही फोटो होता. एडनाला देवनागरी वाचता येत नव्हती. तिने ओळ उतरवून दुसऱ्या शहरातल्या कुणा हिंदी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला टपालाने पाठवली होती, आणि त्याने टपालानेच उत्तर दिलं होतं, ‘ही धुरपता मेली.’

“वाचा,” वच्छलाबाई म्हणाल्या.

नंदलालने वाचलं. “धुरपता मरून राहिली ये.”

“मी काल रात्रीपासून भाषांतराचाच विचार करतेय. मेली, म्हणून शेरा. पण सही का नाही? आणि मेलेल्या बाईचं अक्षर…”

“मेली कुठं?” नंदलाल म्हणाला. “आजारी असंल बिचारी. नाहीतर तिच्या आठवणीनं जीव जात असंल.”

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“काय म्हणालात?”

“काही चुकलं का, मॅडम?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “शाळेपासून मी पुण्याला होते, नंदलालजी. माझे कान तिकडचे झालेत. तुम्ही नसतात तर मीही तेच वाचलं असतं.”

आपण काय सांगितलं हे नंदलालला कळलं नाही. पण त्यांचा चेहरा कामगिरी फत्ते झाल्यासारखा नव्हता.

*

दुपारी श्यामलालजींच्या ओसरीत सगळे बसले. वच्छलाबाईंनी फक्त रीताला बोलावलं होतं. हिमांशू मागोमाग आला, आणि त्याच्या मागून काठी टेकत धुरपताबाई.

“आजी, तुम्ही घरी थांबा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मी नंतर येते.”

“माझं पत्र, माझा जबाब. मी घरी काऊन थांबू?” त्या जमिनीवर बसल्या. “तू म्हटलीस, मालूम झालं तं सांगीन. झालं का मालूम?”

श्यामलालजी वच्छलाबाईंकडे पाहत होते. त्या नजरेत काल जो राग होता तो नव्हता. नंदलालने आयुष्यभर कोर्टात माणसं पाहिली होती. शिक्षा ऐकण्याआधी असे डोळे होतात.

“झालं,” वच्छलाबाई म्हणाल्या.

त्या कागद न पाहता बोलू लागल्या.

“पत्र ठेवून पाकीट नेलं. म्हणजे चोराला भीती पत्राची नव्हती, पाकिटावरच्या ओळीची होती. ती ओळ टपालखात्याचा शेरा नव्हे. शेरा शाईने असतो, सही आणि ठप्प्यासह, हे काल श्यामलालजींनीच सांगितलं. ही पेन्सिलीने आहे आणि अक्षरांना वरची रेघ नाही. तशी अक्षरं मी एकाच ठिकाणी पाहिली, बियाण्यांच्या डब्यांवर.”

“माझीच हायेत,” धुरपताबाई म्हणाल्या. “चोरी काय त्यात?”

“नाही, आजी. दुसरी गोष्ट. पाकीट भाताच्या शिताने परत चिकटवलं होतं. म्हणजे ते या गावात उघडलं, वाचलं आणि बंद करून ‘घेतलं नाही’ म्हणून परत पाठवलं. घेतलं नाही तर पत्र पाठवणाऱ्याकडे फुकट जातं. तिकीट लागत नाही. टपालघरात परदेशी तिकीट नव्हतं, तिरोड्याला जाता येत नव्हतं, घरात बंदी होती. आजींनी जबाब पाकिटावरच लिहिला.”

“मास्तरनंच अक्कल लावली,” धुरपताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अजूनही त्या युक्तीचं कौतुक होतं.

“आता चोर. त्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पाकिटावर खरं काय लिहिलं होतं, आणि तिकडे ते कसं वाचलं गेलं. आजींना पहिली ठाऊक आहे, दुसरी नाही. रीताला दुसरी ठाऊक आहे, पहिली नाही. हिमांशूला एकही नाही. दोन्ही एकाच माणसाला ठाऊक होत्या. त्याने संक्रांतीपर्यंत ते पुस्तक वाचलं. आणि पाकीट हाती आलंच नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने काल मला पेन्सिलीच्या ओळीचं सुनावलं. मी पेन्सिल हा शब्द काढला नव्हता.”

श्यामलालजींनी सदऱ्याच्या आत हात घातला. पाकीट छातीशीच होतं. त्यांनी ते खाटेवर ठेवलं.

“जाळाले गेलो होतो,” ते म्हणाले. “हात चालला नाही. आमी टपालातले.”

“पण काऊन?” धुरपताबाईंनी विचारलं. “मास्तर, काऊन नेलं तुमी?”

मास्तरांनी वच्छलाबाईंकडे पाहून ‘सांगू नका’ अशी मान हलवली. नंदलालला अजून नीट उमगलं नव्हतं, पण आता इथेच थांबावं असं त्याला वाटलं. त्याने वच्छलाबाईंना हळूच हाक मारली. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी शब्द दिला होता, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“आजी, तुम्ही लिहिलं, धुरपता मरून राहिली. ये.”

“हो. तिच्याबिगर जीव जाऊन राहिला होता माझा. ये म्हटली.”

“एडनाला आपलं अक्षर वाचता येत नव्हतं. तिने ते वाचायला दिलं. वाचणाऱ्याला तुमची बोली येत नव्हती. इथे ‘मरून राहिली’ म्हणजे जीव जातो आहे, बाहेर ‘मरून राहिली’ म्हणजे मेली. आणि ‘ये’ त्याने हिंदीतला धरला, ‘ही’ या अर्थाचा. ही धुरपता मेली. त्याने तसंच लिहून पाठवलं.”

बाहेर कुणाची तरी शेळी खुंट्याला ओढ देत होती.

“तिने ते कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर तिला क्षणात कळलं असतं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तिचा कान तुम्हीच घडवला होतात. पण ओळ कागदावर गेली आणि कागदावर परत आली. वाकडं तुम्ही काही बोलला नाहीत. गावाची तिला घृणा आली नव्हती. तुम्ही गेलात असं समजून ती आली नाही.”

धुरपताबाईंनी पाकीट उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि बोट फिरवत मोठ्याने वाचलं, समोर माणूस बसला आहे अशा आवाजात.

“धुरपता मरून राहिली. ये.”

किती साधं होतं. आंबेटोल्यातल्या लहान पोरालाही कळलं असतं.

“मंग काय लिवाचं होतं?” त्यांनी विचारलं.



“तिनं किती लिवलं माझ्यावर?” धुरपताबाईंनी रीताकडे वळून विचारलं.

“चाळीस कविता, आजी.”

“सारं मेलेलीवर?”

“हो.”

“जितीवर एकही नाही?”

“नाही, आजी.”

धुरपताबाईंनी पाकीट घडी न करता श्यामलालजींच्या मांडीवर परत ठेवलं. “ठेवा तुमीच. मले पुन्हा वाचवत नाही.” त्या काठी टेकून उठल्या. “हिमांशू, पाटीवर पोस्टर चिपकवू नको. पोतं राहू दे वर. दोन-चार वर्सांत बरोबर होते ते.”

त्या पाळीकडे गेल्या. पाणी सोडायची वेळ झाली होती. श्यामलालजी पाकिटावर तळहात ठेवून बसले होते, वारा नव्हता तरी.

*

परतताना वच्छलाबाई काच खाली करून बाहेर पाहत होत्या. बांध्यांत हिरवं होतं, पण तलावाच्या कडेच्या बांध्या पडीक होत्या.

“सांगितलं नसतं तर?” नंदलालने विचारलं.

“तर त्या विचारत राहिल्या असत्या.”

“आता काय करतील?”

“आता विचारायला काही उरलं नाही,” त्या म्हणाल्या. त्यात समाधान नव्हतं.

चोरखमाऱ्याच्या वळणावर त्याचा फोन वाजला. घरून होता. कुठे आहात, जेवायला थांबायचं का, बायको विचारत होती.

“येऊन राहिलो,” नंदलाल म्हणाला.

आणि फोन तसाच कानाशी राहिला. जन्मभर तोंडात असलेले हे दोन शब्द त्याने आज पहिल्यांदाच बाहेरून ऐकले. कागदावर लिहून कुठे पाठवले तर कोणीही वाचेल की हा माणूस केव्हाच पोहोचला, जेवलाही असेल, त्याची वाट बघण्याचं कारण नाही.

“ऐकू येत नाही काय?” पलीकडून बायको म्हणाली. “येऊन राहिले ना?”

“हो,” तो म्हणाला. “अजून रस्त्यातच हाये.”